टॅबलेटवरची पातळी आणि तिसऱ्या शब्दाला अडलेली मुलगी

बडोद्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्रातील मुख्य भाग असा :

"मी १९ वर्षे इंग्रजी शिकवते आहे. माझ्या वर्गात ५४ मुले आहेत. काहींच्या घरी मराठी बोलतात, बऱ्याच जणांच्या घरी गुजराती आणि थोड्यांच्या घरी हिंदी. इंग्रजी मात्र कोणाच्याच घरी नाही. या जूनपासून संस्थेने 'व्यक्तिगत शिक्षण' सुरू केले असून इंग्रजीच्या आठवड्यातील सहा तासिकांपैकी तीन तासिका मुले टॅबलेटवर काम करतात. प्रत्येकाला त्याच्या पातळीचे प्रश्न येतात आणि मी 'सुलभक' म्हणून बाकांमधून फेऱ्या मारायच्या असतात. वर्गात एक मराठी मुलगी आहे. तिची पातळी तीन महिन्यांत दोन पायऱ्या वर गेल्याचे पडद्यावर दिसते. पण धड्यातला एक परिच्छेद वाचायला सांगितला तेव्हा ती तिसऱ्या शब्दाला अडली आणि खाली बसली. ॲपने तिला 'पाहून शिकणारी' ठरवले आहे. पालक विचारतात, पाठ्यपुस्तक कधी पूर्ण होणार? मुख्याध्यापिका म्हणतात, काळाबरोबर बदला. ५४ मुलांना ५४ प्रकारे शिकवणे मला शक्य नाही, आणि सगळे यंत्राकडे सोपवून गप्प बसणेही जमत नाही. मी विरोध करावा की जुळवून घ्यावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील शेवटच्या प्रश्नापेक्षा त्या मुलीविषयीचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तिच्यापासून करते. पडद्यावर वर गेलेली पातळी आणि तिसऱ्या शब्दाला अडलेले वाचन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायचे असेल, तर काहीही न वाचता ठेवलेले बोटसुद्धा सरासरीने चारांतून एकदा बरोबर पडते, आणि त्या चारांपैकी दोन पर्याय उघड चुकीचे आहेत एवढे जिला कळते तिचे निम्मे प्रश्न सुटतात. शिवाय चुकलेला प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा समोर आला, की अर्थ लागला नसला तरी उत्तराची जागा लक्षात राहिलेली असते. याला कोणी लबाडी म्हणू नये; मुले समोरच्या कामातून निघण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधतात आणि तिला तो सापडला आहे. परंतु समोर लिहिलेला शब्द ओळखणे वेगळे आणि तोच शब्द मनातून काढून तोंडाने म्हणणे वेगळे. ॲपने पहिली गोष्ट मोजली, आपण दुसरी पाहिली. आपले निरीक्षण योग्य आहे, आणि ते तारीख घालून वहीत लिहून ठेवावे, कारण पुढे मुख्याध्यापिकांशी बोलताना त्याच नोंदीचा आधार लागणार आहे.

विरोध करावा की जुळवून घ्यावे, याविषयी माझे मत असे आहे की टॅबलेटच्या तीन तासिका आपण नाकारू नयेत, पण त्या वेळात आपण जे करता ते मात्र पूर्ण बदलावे. फेऱ्या मारणे बंद करावे. पन्नासवर मुलांच्या वर्गात इंग्रजीच्या शिक्षकाला सगळे मिळते, फक्त एका मुलाजवळ बसण्याची पाच मिनिटे मिळत नाहीत. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत मी वह्यांचे गठ्ठे घरी नेले, सुटीच्या दिवशी जादा तास घेतले, पण वर्गातील प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे, शांतपणे ऐकले असे एकही वर्ष मला आठवत नाही, आणि त्याची खंत मला निवृत्तीनंतरही आहे. बाकीची मुले पडद्यावर गुंतलेली असतात तो अर्धा तास आपल्याला आता आयता मिळतो आहे. तासिका ३५ मिनिटांची धरली आणि टॅबलेट वाटण्यात पाच मिनिटे गेली, तरी सहा मुलांना पाच-पाच मिनिटे देता येतात. आठवड्याला तीन तासिका म्हणजे अठरा मुले, आणि तीन आठवड्यांत सगळा वर्ग. कोणत्याही यंत्राने दिलेल्या आलेखापेक्षा या तीन आठवड्यांनंतरची आपली वही अधिक विश्वासार्ह असेल.

या पाच मिनिटांत काय करावे, हे थोडे सविस्तर सांगते, कारण येथे घाई झाली तर त्याची तोंडी परीक्षा होते आणि मूल मिटून जाते. तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावीच्या पुस्तकांतून सुमारे शंभर शब्दांचा एकेक उतारा निवडून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मुलाला शेजारी स्टुलावर बसवून सोप्या उताऱ्यापासून सुरुवात करावी, मध्ये चूक दुरुस्त करू नये, अडलेल्या शब्दाखाली आपल्या प्रतीवर फक्त टिंब द्यावे. शंभर शब्दांत पाचापर्यंत टिंबे आली, तर त्या पातळीचे पुस्तक मूल एकट्याने वाचू शकते. दहापर्यंत आली, तर आपल्या मदतीने वाचू शकते. त्याहून अधिक आली, तर त्या पातळीचे वाचन त्याला थकवते आणि शिकवत काहीच नाही. अचूक वाचन आणि अर्थबोध यांची गल्लत होऊ नये म्हणून उतारा संपल्यावर 'यात काय झाले ते सांग' असे विचारावे, आणि उत्तर मराठीत, गुजरातीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्यावे. काही मुले अडखळत वाचतात, पण गोष्ट नीट सांगतात. काही घडाघडा वाचतात आणि त्यांना गोष्टीचा पत्ता नसतो. या दोघांना ॲप एकच पातळी देऊ शकते, पण त्यांची गरज परस्परांच्या उलट आहे. उरलेल्या एका मिनिटात एखादे चित्र दाखवून त्याविषयी इंग्रजीत जे सुचेल ते बोलायला सांगावे. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान आणि त्यावर तीन ओळी, यापेक्षा जास्त लिहिण्याच्या भरीस पडू नये.

हे झाल्यावर आपल्याला जे दिसेल त्याने आपली मोठी भीती कमी होईल, असे मला खात्रीने वाटते. ५४ मुले ५४ ठिकाणी उभी नसतात. आपल्या वर्गातील मराठी मुलगी 'मी काल मामाकडे गेले होते' हे मनात धरून 'आय हॅड गॉन' असे लिहिते, गुजराती मुलगी 'गई हती' मनात धरून तेच लिहिते, आणि हिंदी घरातील मुलगा 'गया था' वरून तेथेच येतो. 'अ', 'ॲन', 'द' या उपपदांना तिन्ही भाषांत जोड नाही, म्हणून ती सगळ्यांचीच गळतात. अशा चुका फळ्यावर, सगळ्या वर्गाला एकत्र, तिन्ही भाषांतील वाक्ये शेजारी लिहून समजावून सांगाव्यात. त्यासाठी ५४ वेगळ्या टॅबलेटांवर ५४ वेळा तोच सराव घेण्यात मुलांचा वेळ फुकट जातो. वेगळेपण दिसेल ते दुसरीकडे : कोण किती अवघड मजकूर वाचू शकते, कोण बोलायला धजते, कोणाच्या शब्दसाठ्यात किती शब्द आहेत. त्याचेही बहुधा तीन-चार गट पडतील. हे तीन-चार गट सांभाळणे कष्टाचे आहे, पण अशक्य नाही.

या बाबतीत आपल्याच शहराचे एक उदाहरण आहे, आणि बडोद्यात शिकवणाऱ्या माणसांना ते फारसे ठाऊक नसावे याचे मला वाईट वाटते. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला होता, आणि २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे परिणाम मोजले. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून, पंधरा-वीस जणांच्या गटात, वस्तीतीलच एखादी तरुणी त्यांना पहिली-दुसरीत राहून गेलेले वाचन आणि गणित शिकवत असे. या मुलांची प्रगती स्पष्ट झाली. मला अधिक बोलका वाटतो तो याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष : ही मुले बाहेर गेल्यामुळे ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या मागे राहिलेल्या मुलांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. म्हणजे केवळ पट कमी होऊन भागत नाही. मूल जेथे उभे आहे तेथून शिकवण्याने फरक पडतो. ५४ च्या पटाने आपण खचू नये, असे मी म्हणते ते याच आधारावर.

त्याच काळात बडोद्याच्या शाळांत चौथीची मुले आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे-दोघे बसून, गणिताचे खेळ खेळत होती आणि प्रत्येकाला जमेल त्या पातळीचे प्रश्न येत होते. गणितात त्यांची प्रगती बालसखीच्या मुलांपेक्षाही अधिक झाली, भाषेत काही झाली नाही, कारण भाषा त्या खेळांत नव्हतीच. दोन्ही उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने पाहिले तेव्हा बराचसा लाभ ओसरला होता. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. गणितात यंत्राने दाखवलेल्या यशावरून इंग्रजीविषयी निष्कर्ष काढू नये. बेरीज एकट्याने करता येते, संभाषण एकट्याने करता येत नाही. आणि एखाद्या सत्रापुरता उत्साह दाखवून हे काम सोडून देण्यासारखे नाही. दिल्लीत २०१५ मध्ये शाळेनंतरच्या केंद्रांत याहून प्रगत सॉफ्टवेअरची पाहणी झाली आणि गणित व हिंदी या दोन्हींत चांगली प्रगती आढळली. पण तेथेही ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ लहान गटात माणसाबरोबर असा होता. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांनी हा उरलेला निम्मा वेळ सांगितला नाही, तर तो आपण त्यांना विचारावा.

'सुलभक' हा शब्द आपल्याला लागला आहे, हे पत्रातून जाणवते. मला त्या शब्दाचा राग नाही. त्याच्या आडून शिक्षकाचे काम काढून घेतले जाते याचा आहे. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवून गेलेले आणि १८९३ ते १९०६ या काळात आपल्या शहरात राहिलेले श्रीअरविंद यांनी पुढे राष्ट्रीय शिक्षणावरील लेखनात असे मांडले की काहीच 'शिकवता' येत नाही, शिक्षक हा साहाय्यक आणि मार्गदर्शक असतो, आणि शिक्षणाने जवळच्याकडून दूरच्याकडे जावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार आज नव्या नावाने शाळेत आला असला, तरी त्यात शिक्षक मुलाच्या जवळ उभा आहे. तो पहारेकरी नाही. मुलीच्या शेजारी स्टुलावर बसून टिंबे देणारी शिक्षिका हीच खरी साहाय्यक, आणि ते काम करण्यासाठी आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता गटांविषयी एक सावधगिरीची सूचना, आणि ती मी माझ्या चुकीवरून देते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वाचनात मागे असलेल्या मुलांना खिडकीकडच्या रांगेत एकत्र बसवले, कारण तेथे मला वाकून त्यांच्या वह्या पाहता येत. महिन्याभरात सगळ्या शाळेत त्या रांगेला एक नाव पडले, आणि एका मुलाची आई मला भेटायला येऊन एवढेच म्हणाली, 'बाई, त्याला दुसरीकडे बसवा, तो आता घरीही वाचत नाही.' मी त्याची जागा बदलली, पण त्याचा वाचनाचा धीर परत यायला ते वर्ष पुरले नाही. म्हणून गट कामापुरते असावेत, आठवड्यातून दोन वेळा पंधरा-वीस मिनिटांसाठी एकत्र यावेत आणि पुन्हा मोडावेत. दर चार-पाच आठवड्यांनी वहीतील नोंदी पाहून मुले इकडून तिकडे जावीत. आणि वाचनात मागे असलेले मूल बोलण्याच्या गटात पुढे असू शकते, याची सगळ्या वर्गाला प्रचिती यावी. ॲपवरील पातळीचा आकडा वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याची किंवा भिंतीवर लावण्याची प्रथा आपल्याकडे सुरू झाली असेल, तर ती आजच बंद करावी.

'पाहून शिकणारी' या शिक्क्याकडे आपण निःशंकपणे दुर्लक्ष करावे. मुले पाहून, ऐकून किंवा हाताने करून शिकणारी अशा जातींत विभागलेली असतात आणि त्या जातीप्रमाणे शिकवले की अधिक शिकतात, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले. त्या मुलीला चित्रे आवडत असतील, तर चित्रे द्यावीत. पण ती 'पाहून शिकणारी' आहे म्हणून तिला इंग्रजी ऐकण्याची आणि बोलण्याची संधी कमी मिळणार असेल, तर तो तिच्यावर अन्याय होईल.

यंत्राची चांगली बाजूही नाकारू नये. शब्द विसरायच्या बेतात असताना पुन्हा समोर आणणे, एक उच्चार वीस वेळा न कंटाळता ऐकवणे, शब्दाचे स्पेलिंग टंकून घेऊन लगेच चूक दाखवणे, ही कामे ते आपल्यापेक्षा नियमितपणे करते. मराठीत एकाच 'व' वर भागवणाऱ्या मुलांना 'वाइन' आणि 'व्हाइन' यांतील ओठांची आणि दातांची हालचाल कानांनी ओळखायला हवी असते, आणि ५४ मुलांना हा सराव आपल्या एका घशाने देणे अवघड आहे. तेव्हा ॲपमध्ये पर्यायांऐवजी उत्तर टंकायचे किंवा बोलायचे असे प्रकार असतील, तर ते निवडावेत, आणि शिक्षकाला पातळी खाली-वर करण्याची सोय आहे का, हे कंपनीच्या माणसाला स्पष्ट विचारावे. ती सोय नसेल, तर आपण पाच मिनिटांत पाहिलेली गोष्ट त्या यंत्राला कधीच कळणार नाही. आणखी एक बदल सुचवते : तीन तासिकांपैकी एका तासिकेला दोन मुलांना मिळून एकच टॅबलेट द्यावा, आणि उत्तर देण्यापूर्वी दोघांनी बोलून एकमत करावे असा नियम घालावा. सुरुवातीला ती गुजरातीत बोलतील, बोलू द्यावे. हळूहळू 'आय थिंक', 'नो, बिकॉज' अशी चार-पाच वाक्ये फळ्यावर लिहून ठेवली, की ती त्यांच्या तोंडी येतात.

मुलांच्या भाषेविषयी संकोच नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तेथे आठवीपर्यंत मातृभाषेतून किंवा परिसरातील भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. आपली शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि तो निर्णय आपल्या हातात नाही, पण इंग्रजीच्या तासाला 'ओन्ली इंग्लिश' अशी पाटी लावून मुलाची निम्मी समज दाराबाहेर ठेवणे आपण थांबवू शकतो.

आता सगळ्यांत जास्त ज्याची मला आच आहे त्या विषयाकडे येते : पुस्तके. प्रत्येक मुलाने आपल्याला हवे ते, आपल्याला झेपेल ते वाचणे, यापेक्षा अधिक व्यक्तिगत शिक्षण मला सुचत नाही. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८० च्या सुमारास फिजी बेटांवरील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीची सुमारे अडीचशे गोष्टींची पुस्तके दिली. या मुलांच्याही घरी इंग्रजी नव्हती, आणि काही वर्गांत तर रोज वीस-तीस मिनिटे ती नुसती शांतपणे वाचायची, एवढाच कार्यक्रम होता. तरी वाचनात आणि ऐकून समजण्यात त्यांची प्रगती नेहमीच्या वर्गांच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली. आपल्या उपखंडात याचा पाया त्याही आधी घातला गेला होता. मायकेल वेस्ट हे १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांना प्रशिक्षण देत असताना त्यांच्या लक्षात आले की इंग्रजी वाचनमालांत नवे शब्द इतक्या दाटीने येतात की मुलाला वाचनाचा आनंद लाभतच नाही. त्यांनी नवे शब्द विरळ केले, जुने पुनःपुन्हा आणले, आणि आज ज्यांना आपण पातळीनुसार पुस्तके म्हणतो त्यांची रीत रुजवली.

बडोद्याला तर पुस्तके माणसांपर्यंत नेण्याची जुनी ओळख आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला, आणि शिकलेली मुले वाचायला काही न मिळाल्याने पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून १९१० पासून विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाकरवी ग्रंथालयांचे जाळे उभारले, ज्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. आपल्या वर्गातही एक पेटी असावी. साठ-सत्तर पातळ पुस्तके पुरतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची पुस्तके स्वस्त असतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर चार पातळ्यांत विभागलेल्या गोष्टी विनामूल्य वाचता आणि छापता येतात. तेथे अनेक गोष्टी मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत अशा तिन्ही भाषांत मिळतात. टॅबलेट शाळेत आलेच आहेत, तर त्यांच्यावर या गोष्टी वाचू देणे हा त्यांचा फार चांगला उपयोग ठरेल. आठवड्यातील एक टॅबलेट-तासिका तरी निव्वळ वाचनासाठी मागून घ्यावी; प्रश्न नाहीत, गुण नाहीत, फक्त आवडले नाही तर पुस्तक बदलण्याची मुभा.

उरलेल्या तीन तासिकांत पाठ्यपुस्तक चालू राहीलच, पण सगळ्या वर्गाला मिळून करता येईल असे एखादे काम पंधरवड्यातून एकदा योजावे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत चालवलेल्या प्रयोगात रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे देऊन मुलांना प्रश्न सोडवायला लावले होते. भर व्याकरणावर नसून अर्थावर होता, आणि वर्ग आपल्यासारखेच साधे होते. आपण मांडवीपासून कामाटी बागेपर्यंतचा नकाशा फळ्यावर काढावा : लहेरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सुरसागर, रावपुरा, काळा घोडा. पाहुण्यांना दुपारी बारापर्यंत बागेत पोहोचायचे आहे, वाटेत दोन ठिकाणी थांबायचे आहे, रस्ता सांगा. जिला एवढेच जमते ती 'टर्न लेफ्ट ॲट सुरसागर' म्हणेल. जो पुढे आहे तो वेळेचा हिशेब करून कारणासह दुसरा रस्ता सुचवेल. काम एक, आणि प्रत्येकाला आपल्या पोहोचेप्रमाणे त्यात जागा. ५४ पाठांची तयारी न करता प्रत्येकाला त्याचे काम देण्याची ही रीत मला यंत्राच्या रीतीइतकीच व्यक्तिगत वाटते, आणि तिच्यात मुले एकमेकांशी बोलतात. याच प्रभूंनी १९९० मध्ये असे मांडले की सर्वोत्तम अशी एक पद्धत नसते, शिक्षकाला स्वतःला पटलेल्या समजुतीतून शिकवणे जिवंत राहते. मुख्याध्यापिकांशी बोलताना हा विचार मनात असू द्यावा.

त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नये, तीन आठवड्यांची वही घेऊन जावे. दहा मुलांची पाने निवडावीत, ज्यांत ॲपची पातळी आणि आपण ऐकलेले वाचन यांत अंतर आहे. ती शांतपणे दाखवावीत आणि तीनच गोष्टी मागाव्यात : पातळी बदलण्याचा अधिकार, एक वाचन-तासिका आणि पेटीभर पुस्तकांचा खर्च. 'काळाबरोबर बदला' असे म्हणणाऱ्या व्यक्तीला आपण बदललेली तासिका दाखवतो आहोत, तेव्हा त्या ऐकतील असे मला वाटते. पालकांच्या बाबतीत समजावण्यापेक्षा दाखवणे बरे. पुढच्या पालकसभेत प्रत्येक मुलाने आपल्या निवडीच्या पुस्तकातील अर्धे पान आईवडिलांना वाचून दाखवावे. पाठ्यपुस्तक संपल्याचा प्रश्न त्यानंतरही येईल, पण त्याचा सूर वेगळा असेल.

आणि ती मुलगी. सोमवारी तिला सर्वांत आधी बोलावू नये. वर्गासमोर अडल्याचे तिला अजून आठवत असेल आणि पुन्हा आपलीच परीक्षा सुरू झाली असे वाटेल. आधी एखाद्या चांगल्या वाचणाऱ्याला बोलवावे, मग एखाद्या गप्प मुलाला, आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला सहज तिला. उतारा तिसरीच्या पुस्तकातला असावा, म्हणजे पहिली दोन वाक्ये न अडता पार पडतील. स्टोरीवीव्हरवरची एखादी गोष्ट तिला आधी मराठीत घरी नेऊन वाचायला द्यावी, आणि आठवड्याने तीच गोष्ट इंग्रजीत समोर ठेवावी, म्हणजे पुढे काय होणार हे तिला ठाऊक असेल आणि तिचे सगळे लक्ष शब्दांवर राहील. ती तिसऱ्या शब्दाला पुन्हा अडली, तर पाच सेकंद थांबावे, मग तो शब्द आपण हळू म्हणावा आणि तिला पुढे जाऊ द्यावे.

आपली,
सदरलेखिका